गॅसवरच्या गाडीचे तीन प्लग

१३ एप्रिल २०२५, रविवार

डिसेंबरनंतर आज वही उघडली. इतके दिवस न लिहिल्याबद्दल माफी मागायची तर कारण द्यावं लागेल, आणि 'वेळ नव्हता' हे कारण खोटं आहे. वेळ होता. इथे लिहायला बसले की मी स्वतःची उलटतपासणी घेते, आणि गेले चार महिने मला ती नको होती. आज सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून आले.

आधी सगळं सरळ लिहून काढते. जानेवारीत अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर तो डोळा चिघळला. डाव्यात मोतीबिंदू आहेच. डॉक्टरांनी ऊन आणि धूळ बंद केली. नवरा शिवकुमार नोकरीमुळे लातूरला, मुलगी सृष्टी त्यांच्याजवळ राहून मेडिकलच्या परीक्षेची तयारी करतेय. नांदेडात उरले मी, अप्पा आणि अप्पांचं दुकान. माणिकप्पा ऑटो स्टोअर्स, जुन्या गाड्यांचे सुटे भाग, बेचाळीस वर्षं. शिवकुमार म्हणत होते दुकान देऊन टाकू आणि अप्पांना लातूरला आणू. मीच म्हटलं, परीक्षा होईपर्यंत मी बसते. "वर्षा, तू केमिस्ट्रीवाली, तुला काय अवघड," असं ते फोनवर म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत अप्पा तीन आठवडे लातूरला होते. तेव्हा मी दुकान झाडून काढलं. मागच्या फळीवर बिस्किटांचे चौदा पत्र्याचे डबे होते, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या जळक्या प्लगांनी भरलेले. तीन-तीन, चार-चार प्लग दोऱ्याने बांधलेले आणि प्रत्येक जुडीला एक चिठ्ठी. दोन-तीन वाचून पाहिल्या. गाव, गाडी, एखादा आकडा, 'तेल खाते', 'फक्त बाजारच्या दिवशी काढतो' असं काहीबाही. म्हाताऱ्या माणसाला टाकवत नाही म्हणून साठलंय, असं वाटलं. भंगारवाल्याला दिले. अप्पा परत आले तेव्हा चाचपत त्या फळीपर्यंत गेले, मोकळ्या लाकडावरून दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "इरली." कन्नडात, असू दे. मग पाणी मागितलं. धूळ गेली म्हणून त्यांना बरं वाटलं असावं.

आता परवाचा शुक्रवार. सकाळी एक पांढरी आठशे मोटार दुकानासमोर थांबली, पंचवीस वर्षांची तरी असेल. पन्नाशीचा माणूस उतरला. रुमालात तीन जुने प्लग गुंडाळून आणले होते.

"अप्पा न्हाईत का?"

"घरी आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला सांगा."

"तुम्हाला काय सांगू ताई. अप्पाला नुसतं तोंड दाखवलं की प्लग हातात यायचे." तो फार मोठ्याने बोलत होता. पिठाची गिरणी आहे, त्यामुळे कमी ऐकू येतं, हेही त्यानेच सांगितलं. "गाडी गॅसवर हाय. साधे चालत न्हाईत तिला. अप्पाला माहीत हाय कोणते."

मागच्या सीटवर त्याची बायको आडवी होती, डोक्याखाली उशी, दंडापासून मनगटापर्यंत पट्टी. "सिंधुला आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला आणावं लागतं. एस्टीत लई मळमळतं तिला, बसवत न्हाई. ही गाडी हाय म्हून तर चाललंय."

जुन्या प्लगवरचा आकडा मी भिंगाने वाचला. त्या कंपनीचा प्लग शिल्लक नव्हता. मी मार्चमध्ये मोठ्या हौसेने एक बदली तक्ता केला आहे, कोणत्या कंपनीऐवजी कोणत्या कंपनीचा कोणता चालेल याचा. त्यात बघून दिले. त्याचे जुने तीन कचऱ्याच्या डब्यात टाकले. पावतीवर लिहिलं, 'वैजनाथ, रोख'. बोलता बोलता भोकरच्या पुढचं काहीतरी गाव म्हणाला होता. तेवढंच आठवतं.

आज दुपारी तो तक्ता संगणकात घालताना खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं. शुक्रवारी वाचायला हवं होतं. काही प्लग उष्णता धरून ठेवतात, त्यांना गरम म्हणतात. काही पटकन सोडतात, ते थंड. गॅसवर इंजिन जास्त तापतं म्हणून तिथे थंड लागतो. वैजनाथच्या जुन्या कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. मी दिले त्या कंपनीत आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. मी मोठा आकडा दिला. अप्पांनी दिला होता त्याच्या अगदी उलट टोकाचा.

दहाच्या त्या खोक्यातले बाकीचे सात मोजून पाहिले. म्हणजे चूक एकाच गाडीत आहे. पण ती गाडी कुठे आहे हे मला माहीत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती, बाजार बंद. चौकातून सकाळपासून गाणी ऐकू येत होती. शेजारच्या गॅरेजचा दयानंद पांढरा शर्ट आणि निळा गमछा घालून मिरवणुकीला निघाला होता, त्याला थांबवलं.

"दयानंदभाऊ, समजा एखाद्याने गॅसवरच्या आठशेत गरम प्लग टाकले, तर काय होईल?"

"कोणत्या एखाद्यानं?"

"समजा म्हटलं."

"गावातल्या गावात काई होत न्हाई. लांब पळवली, अन् हे असलं ऊन, तर प्लगचं टोकच लाल होतं. ठिणगी पडायच्या आधीच गॅस पेटतो. पिस्टन अजून वर येऊन राहिला अन् वरून दणका. मग आवाज सुरू होतो. तरी थांबला न्हाई तर पिस्टनला भोक."

"आग लागते?"

"आग कुठली वहिनी. गाडी बंद पडती. कुठं पडायचं ते तिचं तीच ठरवती." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "अन् हे एखादं कोणत्या रंगाचं होतं?"

"पांढरं." तोंडातून निघूनच गेलं.

त्याच्याकडून शपथ घेतली की अप्पांना कळू देणार नाही. डोळ्यावर ताण नको, असं मी त्याला सांगितलं. खरं कारण तेवढंच आहे का? नाही. अप्पांना सांगितलं तर ते डब्यांचं विचारतील, हे खरं कारण. शिवकुमारनाही सांगितलं नाही. ते रागावणार नाहीत, 'दुकान देऊनच टाकू' एवढंच म्हणतील, आणि मला बोलायला तोंड उरणार नाही.

संध्याकाळी मिरवणुकीहून येताना दयानंद चहाला आला, अप्पांजवळ बराच वेळ बसला. मी कप घेऊन गेले तेव्हा दोघं ढोलताशाच्या पथकाबद्दल बोलत होते. माणूस शब्दाचा पक्का आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

आठवड्यातून दोनदा आणि त्यातला एक शुक्रवार, म्हणजे बहुतेक मंगळवार-शुक्रवार. दुकान उघडून लगेच निघाले. मला ठाऊक असलेल्या दोन दवाखान्यांत, जिथे रक्त धुतात, म्हणजे डायलिसिस होतं, तिथे जाऊन गाड्या बघितल्या. एका ठिकाणी पांढरी आठशे दिसली. काचेला हात लावून आत उशी आहे का बघत होते तर वॉचमन म्हणाला, "बाई, डॉक्टरची हाय ती. विकायची न्हाई." दोन्हीकडे नाव सांगून पाहिलं. पेशंटची माहिती देता येत नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

अकराला परत आले तर अप्पा दुकानात. तेही आत नाही, बाहेर पत्र्याखाली खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून, रस्त्याकडे तोंड करून. घरून रिक्षाने आले म्हणे.

"अप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"घरात उकडायलंय."

"आत पंख्याखाली तरी बसा."

"पंख्यानं काई ऐकू येत न्हाई."

चहावाला सांगत होता की सकाळपासून प्रत्येक पांढऱ्या गाडीला ते हात करताहेत. एक जीपवाला थांबला तर त्याला म्हणाले, तू न्हाईस, जा. नजर इतकी गेली आहे याची मला कल्पना नव्हती. ओळखीचं कुणी वाटत असेल. बेचाळीस वर्षं ज्याला सगळे रस्त्यातून नमस्कार करायचे, त्याला आता गाड्या ओळखू येत नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याआड माझी भीती थोडा वेळ लपली, याची लाजही वाटली.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी पेपर उघडला तो आधी अपघातांचं पान. काही नाही. पेपरात नाही म्हणून घडलं नाही, असं कसं म्हणू?

अप्पा आजही बाहेर. जेवायलाही उठले नाहीत, डबा तिथेच मागितला.

१८ एप्रिल, शुक्रवार, दुपार

दयानंद त्याची ओम्नी व्हॅन आणायला गेला आहे, तेवढ्यात लिहिते. घाईत म्हणून अक्षर असं.

सकाळी तिसऱ्या दवाखान्यात गेले. हा मला माहीतच नव्हता, रिक्षावाल्याने सांगितला. तिथे पेशंट दिसत होते, म्हणून कुणाला न विचारता दारातून आत बघितलं. एक पलंग रिकामा होता. मी नर्सला म्हटलं, "सिंधुताई? नवऱ्याची गिरणी आहे त्या?"

"तुम्ही नातेवाईक का? मग आणा की त्यांना. नऊची वेळ असते, अकरा वाजून गेले. फोन लावायलोत तर बंद येतोय."

"उद्या आलं तर चालत नाही का?"

तिने हातातली नोंदवही मिटली. "मंगळवारीच तासभर उशिरा आल्या. तेव्हाच पायावर सूज होती. पाणी फुप्फुसात चढलं की उद्या-बिद्या नसतंय ताई."

मंगळवारी त्या नांदेडात होत्या. मी वॉचमनशी बोलत होते तेव्हा त्या इथे होत्या, दीड किलोमीटरवर.

दुकानापर्यंत कशी आले आठवत नाही. अप्पा पत्र्याखाली होते. त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. प्लग, तक्ता, पावती, तीन दवाखाने. शेवटी डबे. डब्यांचं सांगताना त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव काय म्हणलीस?"

"वैजनाथ. बायको सिंधु. गिरणी आहे."

"गिरणीवाला वैजनाथ! मी ती उमरीच्या मास्तरची गाडी समजून बसलो." म्हणजे काय ते मला कळलं नाही, विचारायला वेळही नव्हता. त्यांनी तोंडपाठ सांगितलं. भोकरच्या पुढे हिमायतनगर रोड, नऊ किलोमीटर, डाव्या हाताला पाण्याची टाकी, टाकीमागे गिरणी. मग बंडीच्या खिशातून कागदात गुंडाळलेले तीन प्लग काढून माझ्या हातावर ठेवले. थंड प्लग, टोकाशी ठिणगी पडते ती फटसुद्धा गॅससाठी कमी करून ठेवलेली. अप्पांच्या खिशात काही ना काही असतंच.

दयानंदचा हॉर्न वाजतोय.

१९ एप्रिल, शनिवार

कालचं आज लिहिते.

गाव सापडलं, टाकी सापडली. गिरणीला कुलूप, घराला कुलूप. शेजारची म्हातारी धान्य निवडत होती.

"वैजनाथभाऊ कुठे आहेत मावशी?"

"सकाळी साडेसहालाच निघाले की दवाखान्याला. कामून? पोचले न्हाईत व्हय?"

दयानंद म्हणाला, "पोचले असतील मावशी," आणि मला दंडाला धरून गाडीत बसवलं. आम्ही त्याच रस्त्याने आलो होतो. म्हणजे ती गाडी आमच्या येण्याच्या वाटेवर कुठेतरी होती आणि आम्ही तिच्या जवळून निघून गेलो होतो. परतताना तो डावीकडे बघत होता, मी उजवीकडे. रस्त्याच्या कडेला जे जे पांढरं दिसे, पोती, बकरी, वाळत घातलेलं धोतर, तिथे मी गाडी हळू करायला लावत होते.

भोकर सोडून बरंच पुढे एका चहाच्या टपरीमागे बाभळीखाली ती उभी होती. चारही दारं उघडी. आत कुणी नाही. मागच्या सीटवर उशी, आणि पायाशी एक चप्पल. एकच.

टपरीवाला म्हणाला, "बाईला लई दम लागलता. तीनेक तास कुनी थांबंना. मग एका भाजीच्या टेंपोत टाकलं तिला, कोथिंबिरीच्या पेंढ्यांवर. नांदेडलाच नेलं."

दयानंदने एक प्लग खोलून बघितला. मग माझ्या हातावर ठेवला. टोक खडूसारखं पांढरं, त्यावर बारीक फोड, आणि कडा वितळलेली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. सिंधुताई त्याच पलंगावर होत्या, तोंडावर ऑक्सिजन, शेजारी मशीन फिरत होतं. छाती वरखाली होत होती. मी दारातच उभी राहून श्वास मोजले. किती मोजलं कुणास ठाऊक.

वैजनाथ बाहेर बाकावर बसला होता, शर्टाला कोथिंबिरीची पानं चिकटलेली. हातात बायकोची दुसरी चप्पल.

"ताई, तुम्ही कशा इथं?"

"भाऊ, माझी चूक झाली. मी तुम्हाला चुकीचे प्लग दिले."

"क्काय?"

मी पुन्हा म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कानाला हात लावून मान पुढे केली. तिसऱ्यांदा मी ओरडून म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचे प्लग दिले! त्यामुळे गाडी बंद पडली!" बाकांवरचे सगळे नातेवाईक वळून बघायला लागले. नर्स दारात आली. कधी तरी कबूल करायचंच तर हळू आवाजात, एकट्यात, असं मी आठवडाभर ठरवत होते.

त्याने चप्पल बाकाखाली ठेवली. "मी त्या गॅसपंपवाल्याला आईवरून शिव्या घालून आलो की," म्हणाला. "भेसळ केली म्हून." मग म्हणाला, "पण ताई, आमची जुडी होती की तुमच्याकडं. मागच्या फळीवर. अप्पा जुने प्लग ठेवून घ्यायचे, म्हनायचे, मी नसलो तरी ह्यो डबा बोलंल. त्यात बघायचं होतं ना."

"ते डबे मी भंगारात दिले."

हे मात्र त्याला पहिल्या वेळीच ऐकू गेलं. रागावला असता तर मला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं.

पाचच्या सुमारास आत जाऊ दिलं. सिंधुताईंनी ऑक्सिजन बाजूला सरकवला आणि नवऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "मंगळवारीच म्हनलं ह्याला, गाडीत कुनीतरी लाह्या फोडायलंय. ह्याला कुठं काय ऐकू येतं! म्हनला, भूक लागली असंल तुला."

वैजनाथने विचारलं, "काय म्हनायली?" आणि शेजारच्या पलंगावरचा म्हातारा हसला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले.

२० एप्रिल, रविवार

सिंधुताईंना रात्रभर ठेवून काल सोडलं. दयानंदने ओम्नीतून घरी पोचवलं. गाडी दुरुस्त होईपर्यंत मंगळवार-शुक्रवार तोच नेणार-आणणार, मी बरोबर असेन. नर्सला विचारलं, अजून तासभर उशीर झाला असता तर? ती म्हणाली, असं विचारू नका. मी तर रोज स्वतःला हेच विचारणार आहे.

दयानंदने इंजिन खोललं. तीनपैकी एक पिस्टन जळालाय. तो म्हणतो, "एकट्या प्लगचं काम न्हाई हे वहिनी. ठिणगीचं टायमिंग पुढं हाय, रेडिएटरात पाणीबी कमी होतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणतोय की खरंच? दोन्ही असेल. तरी माझा वाटा किती, हे मला तोलता येत नाही, आणि कुणी तोलून दिला तर मी तो कमीच धरेन, म्हणून पूर्ण धरते.

जळके तीन प्लग मी घरी आणले. अप्पांनी ते मागून घेतले. एकेकाच्या टोकावरून अंगठा फिरवला, डॉक्टरने नाडी बघावी तसं.

"मधला हा जळालेल्या पिस्टनचा," म्हणाले. बरोबर होतं.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला सगळी गावं, सगळ्या गाड्या पाठ आहेत. मग चिठ्ठ्या कशाला लिहीत होतात?"

"मला कशाला लागतील चिठ्ठ्या?" ते म्हणाले. "माझ्यामागं जो बसंल तिथं, त्याच्यासाठी लिहिल्या."

त्यांनी प्लग कागदात परत गुंडाळले. मग स्वतःशीच म्हणाले, "मीबी चुकलो. सोमवारीच विचारायला पाहिजे होतं तुला. तू होऊन सांगशील म्हून बसलो." सोमवारी तर मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांचा दिवसांचाही घोळ व्हायला लागलाय का, ही नवी काळजी.

भीती गेलेली नाही. चौदा डबे होते. त्यातल्या किती गाड्या अजून रस्त्यावर आहेत, कुणाच्या मागच्या सीटवर कोण आडवं आहे, आणि त्यातला कोण उद्या सकाळी रुमाल उलगडून 'अप्पाला माहीत हाय' म्हणेल? दुपारी अप्पांजवळ कागद घेऊन बसले. ते डोळे मिटून सांगत गेले, मी लिहीत गेले. अकरा गाड्या झाल्या, तिथे ते थकले. बारावी आठवताना नाव सुचेना, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या ओळखीचं होतं. म्हणजे त्यांनाही भीती वाटते.

पहिली चिठ्ठी मात्र मी त्यांना न विचारता लिहिली. 'वैजनाथ, गिरणीवाले. हिमायतनगर रोड, टाकीमागे. आठशे, गॅसवर. थंड प्लगच द्यायचा. हे तीन प्लग सून वर्षा हिने दिलेले, चुकीचे.'

उद्या: जाड पांढरा दोरा आणायचा.